तीन माइक

चार भोकांची पेटी,
चौथं भोक खाऱ्या हवेनं खाल्लेलं.
वायर खुपसली की आत तेल तापल्यासारखं चरचरतं.
म्हणजे तीन.

आणि क्वामेना आर्हिननं ट्रोट्रोच्या टपावरून उतरवले
किक, स्नेअर, दोन टॉम, एक फ्लोअर टॉम, हाय-हॅट,
दोन सिंबल, त्यातली एक तडकलेली,
आणि एक गाईची घंटा. "ती लागतेच."
मी बोटांवर मोजलं. मग दुसरा हात घेतला.
तीन तिघाडा काम बिघाडा, मनात आलं;
ओठांवर येऊ दिलं नाही.

टाकोराडी बंदराच्या मागे, जाळी ठेवायची खोली.
एकुलत्या खिडकीला गादी लावली.
भिंतींवरची जाळी तशीच राहू दिली,
आवाज त्यांत अडकतो, मासळीसारखा नव्हे,
मासळीच्या वासासारखा.

पहिला माइक किकच्या तोंडाशी, आत दोन जुने टॉवेल.
दुसरा वर, स्नेअरच्या माथ्यावर.
तिसरा क्वामेनाच्या उजव्या खांद्याशी,
फ्लोअर टॉमवरून वाकलेला,
परीक्षेत शेजारच्याचं बघणाऱ्या पोरासारखा.
एबो दोरीचं टोक स्नेअरच्या मध्यावर अंगठ्यानं दाबून बसला,
मी दुसरं टोक आधी या माइकला लावलं, मग त्या.
अंतर एकच हवं.
बोटभर फरक पडला
तर तोच ठोका एकाला आधी, दुसऱ्याला मागून,
आणि दोघं मिळून त्याला पातळ करतात.

"किती लांब?" क्वामेनानं विचारलं.
त्रेसष्ट वर्षांचा. अर्धं आयुष्य क्रेनखाली,
उरलेलं रात्रीच्या हॉटेलांच्या अंगणांत.
"तुमच्या हाताएवढं. खांद्यापासून."
त्यानं हात पसरून दोरीला लावला.
चार बोटं कमी भरला.
"आखडतो म्हातारपणी," म्हणाला.

पहिल्या टेकमध्ये नुसती हाय-हॅट. कढईत खडे.
दुसऱ्यात मी माइक हलवला,
तर टॉम कुठल्या कुठे गेले.
मी पुन्हा दोरी काढली.
तो म्हणाला, थांब.
चावीनं हाय-हॅट तीन बोटं खाली घेतली,
घंटा काढून एबोच्या हातात दिली,
"दुसऱ्या कडव्यानंतर. मी मान हलवेन."
आणि उजव्या हातातली काठी नुसती चिमटीत धरली.
"आम्ही अकरा जण, माइक एक.
ज्याची पाळी तो पुढे यायचा, झालं की मागे.
ट्रम्पेटवाल्याला तर दाराबाहेर उभं करायचे.
चिडायचा. रेकॉर्डवर मात्र तोच नेमका."

तराजू त्याच्या मनगटात होता.
(दोरीही हवीच होती, हे मी अजून म्हणते.)

तिसऱ्या टेकच्या मध्यावर वीज गेली.
पंखा थांबला, तेव्हा कळलं
इतका वेळ तोही गात होता.
लॅपटॉप बॅटरीवर, पेटीचा हिरवा ठिपका त्याच्या जिवावर.
मी काही बोलले नाही. त्यानंही विचारलं नाही.
दुसरं कडवं सरलं, मान हलली असेल,
काळोखात कुणाला दिसणार;
एबोनं घंटा वाजवली, अर्धा ठोका उशिरा.
क्वामेनानं पुढचे चार ठोके
त्या उशिरापाशी नेऊन ठेवले.

आता घरी, स्नेअर जरा वर घेऊ म्हटलं
की तिच्याबरोबर स्टुलाची करकर वर येते,
त्याचा श्वास, एबोची चप्पल,
मॅंगनीज भरून निघालेल्या जहाजाचा भोंगा.
एकाला बोलवावं तर सगळं घर जेवायला.
पुढच्या आठवड्यात एफुआ गायला येईल.
तिला भोंग्याचा सूर काढून बघायला सांगणार आहे.
जमला तर राहील.

चौथ्या भोकावर चिकटपट्टी लावलीय.
एबो म्हणतो, केप कोस्टला एक माणूस आहे,
शंभर टक्के दुरुस्त करतो.
पुढच्या महिन्यात बघू, म्हणाले.